‘गावाकडची ओळखीची बाई’

पत्र, थोडक्यात

मी अकरावी सायन्सला आहे. आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात, अगदी कर्नाटकच्या हद्दीला लागून. घरात आम्ही कन्नड बोलतो, शाळा मात्र पहिलीपासून मराठी. यंदा कोल्हापुरात हॉस्टेलला आले. सोडायला आलेले पप्पा जाताना म्हणाले, ‘इथं मराठीतच बोल, उगं कशाला कुणाच्या डोळ्यावर यायचं.’ पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून ‘माझा वही कुठाय’ असं गेलं. मुली हसल्या, आणि ‘माझा वही’ हेच माझं टोपणनाव झालं. तेव्हापासून घरचा फोन आला की मी गच्चीवर टाकीमागं जाऊन बोलते. एकीनं ऐकलं, तर शेजारच्या काकू कानडी आहेत असं सांगितलं. वर्गात येत असलेलं उत्तरही देत नाही.

दिवाळीच्या आधी आज्जी डोळे तपासायला काकांबरोबर कोल्हापूरला आली होती. हॉस्टेलच्या दारात तिनं मला कन्नडमध्ये हाक मारली. मैत्रिणी बरोबर होत्या. ‘कोण गं?’ म्हणाल्या. मी म्हणाले, ‘गावाकडची ओळखीची बाई आहे.’ आज्जी माझ्याशी मोडक्या मराठीत दोन वाक्यं बोलली, पिशवी दिली आणि गेली. एरवी भेटली की कानशिलावर बोटं मोडते, तेही केलं नाही. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. मैत्रिणींनी मिटक्या मारत खाल्ली. एक तर म्हणाली, ‘त्या बाईंना विचार ना, चटणी कशी करतात.’ मला घास उतरला नाही.

कन्नड बोलणं पूर्ण बंद केलं तर माझं मराठी सुधारेल का? की ग्रुपवर एकदाच सगळं खरं लिहून टाकू? की हॉस्टेलच बदलू? आज्जीला मराठी नीट येत नाही. तिला कळलं असेल का?

उत्तर

बाळ, वहीच्या पानांवर लिहून फोटो काढून पाठवलेलं तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासाठी वाईट वाटलं, दुसऱ्यांदा आज्जीसाठी. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि मोजत गेले. सवय आहे, तीस वर्षं वह्या तपासल्यात. ‘सगळ्या हसतात’, ‘सगळ्यांना वाटतं’, ‘सगळ्यांसमोर’ असं करत ‘सगळ्या’ हा शब्द पाच पानांत अकरा वेळा आलाय. हसल्याचे प्रसंग मात्र चार आहेत, आणि त्या चारांत मिळून हसणाऱ्या मुली दोन.

दोन मुलींचं हसणं लागत नाही असं मी म्हणत नाही. लागतं, चांगलं लागतं. पण दोनाच्या अकरा कशा झाल्या ते बघ. डेव्हिड एलकिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली तुझ्या वयाच्या या अवस्थेला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असं नाव दिलं. आपण कायम स्टेजवर उभे आहोत, समोर केशवराव भोसले नाट्यगृह हाऊसफुल्ल आहे आणि प्रत्येक खुर्चीतला माणूस फक्त आपल्याकडं बघतोय असं पंधरा-सोळाव्या वर्षी वाटत राहतं. खुर्च्यांतली माणसं मात्र आपापल्या स्टेजवर घामाघूम झालेली असतात. तुझ्या खोलीत तुझी नक्कल करणारी ती मुलगी कुठल्या गावची, तिच्या घरी काय बोलतात, तिचे वडील काय करतात, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. तुला माहीत नसावं. तिच्या डोक्यावर कुठली टाकी आहे आणि त्या टाकीमागं ती काय लपवते, हे तुला कुठून कळणार? तू स्वतःच्याच टाकीमागं बसलेली.

आता माझी एक गोष्ट ऐक. मी कोल्हापूरची, पेठेत वाढलेली. बी.एड.साठी पुण्याला गेले. दुसऱ्याच दिवशी मेसमधून खोलीवर आले आणि म्हणाले, ‘मी जेवून आलो.’ खोलीत हशा. ‘अगं, तू मुलगा आहेस का?’ तुला माहीतच आहे, आपल्याकडं बायकाही ‘मी जातो’, ‘मी येतो’, ‘मी बघितलो’ म्हणतात. त्यात काही वेगळं आहे हे मला विसाव्या वर्षापर्यंत ठाऊकच नव्हतं. मग मी आरशासमोर उभी राहून ‘आले, गेले, जेवले’ घोकलं. दिवाळीला घरी आले आणि उंबऱ्यातूनच ओरडले, ‘आई, मी आले!’ वडील पेपर खाली न ठेवता म्हणाले, ‘बघा गं, कोण पुण्याची पावणी आलीया.’ मला रडू कोसळलं. तिकडं कोल्हापूरची म्हणून हसले, इकडं पुण्याची म्हणून. जायचं तरी कुठं?

गंमत पुढं आहे. कन्नडमध्ये ‘मी येतो’ आणि ‘मी येते’ यांत फरकच नसतो. ‘ना बरतीनि’ असं बाईही म्हणते आणि बुवाही. आमच्या बायकांच्या ‘मी जातो’वर तुमच्या भाषेची सावली आहे असं सांगणारे जाणकार आहेत. म्हणजे पुण्यात ज्यापायी मी हसू झाले आणि कोल्हापुरात ज्यापायी तू हसू झालीस, त्या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच विहिरीचं पाणी आहेत. उद्या तुझी ती नक्कल करणारी मैत्रीण इंजिनिअरिंगला पुण्याला गेली की पहिल्या आठवड्यात ‘मी जेवून आलो’ म्हणणार. तेव्हा तिला तुझी आठवण येईल की नाही, कोण जाणे.

‘माझा वही’चं म्हणशील, तर त्यात बावळटपणा काही नाही. कन्नडमध्ये पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग, आणि वही, टेबल, खुर्ची, ढग सगळं एकाच नपुंसकलिंगी डब्यात. सरळ हिशेब. मराठीत वही ‘ती’, कागद ‘तो’, पुस्तक ‘ते’, आणि का म्हणून विचारायची सोय नाही. घरात एक हिशेब आणि बाहेर दुसरा सांभाळत तू दहावीपर्यंत मराठीत शिकलीस. तुझ्या पाच पानांत मला लिंगाच्या तीन चुका सापडल्या. माझ्या वर्गात अस्सल मराठी घरातली पोरं निबंधात याहून जास्त करायची.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ आहे. कन्नड बंद करून मराठी सुधारत नाही. डोक्यात भाषांचं एकच कपाट असतं आणि एकीला बाहेर काढलं तर दुसरीला जागा होते, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलं, की घरच्या भाषेत पक्कं झालेलं दुसऱ्या भाषेला उपयोगीच पडतं. आधार काढून घेतला तर दोन्ही डुगडुगतात. मराठी सुधारायचं असेल तर मराठीवर काम कर. शब्द सुटा पाठ करू नकोस, विशेषणाला बांधून कर. मोठी वही, मोठा फळा, मोठं दप्तर. रोज दहा. दोन महिन्यांत जिभेला वळण पडेल. वर्गात हात वर करायला मात्र ते दोन महिने थांबू नकोस. फिजिक्सच्या तासाला उत्तर इंग्रजीत द्यायचं असतं, आणि तिथं तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची बोबडी वळलेली असणार, मराठी असोत की कानडी.

आता तू ज्या ‘अस्सल कोल्हापुरी’त बसायला एवढी धडपडतेयस, ते ताट जरा जवळ ओढू. तांबडा रस्सा घे. त्याचा रंग आणि झणका ज्या मिरच्यांवर उभा असतो त्यातली ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, आणि संकेश्वरी तुमच्या शेजारच्या संकेश्वरची. दोन्ही गावं कर्नाटकात. पायातली चप्पल घे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि त्यांच्या जोडीनं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या कर्नाटकातल्या चारांना. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दिसल्या तेव्हा अख्खं कोल्हापूर चिडलं, मीही चिडले. त्या वेळी आपण ज्यांच्या हातांचा अभिमान सांगत होतो त्यांत बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडचे कारागीरही होते. अडकित्ता, खलबत्ता, तूप, अण्णा, अक्का हे शब्द मराठीत कन्नडकडून आले असं मानतात. आणि तू जिला नाकारलंस तिला तुम्ही ‘अज्जी’ म्हणता, आम्ही ‘आज्जी’. पुण्यात ‘आजी’ म्हणतात. आमचा तो दुप्पट ‘ज’ कुठून आला असेल, तूच सांग.

अजून मागं जायचं तर इथं राज्य केलेल्या शिलाहारांचे कितीतरी शिलालेख कन्नडमध्ये आहेत. आज बेळगाव जिल्ह्यात असलेलं रायबाग संस्थानच्या काळात कोल्हापूरचं होतं. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं उभी केली, ती खेड्यापाड्यातून येणाऱ्या पोरांना शहरात पाठ टेकायला जागा हवी म्हणून. तू आज ज्या हॉस्टेलच्या गच्चीवर लपून बोलतेस ना, त्या ‘हॉस्टेल’ नावाच्या गोष्टीची या गावातली सुरुवात ही अशी. आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे आदिनाथ उपाध्ये घरी कन्नड बोलायचे, इथल्या राजाराम कॉलेजात कितीतरी वर्षं अर्धमागधी ही जुनी प्राकृत भाषा शिकवायचे, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. कोल्हापुरात राहून. त्यांना कुणी टाकीमागं पाठवलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी चहा करायला उठले आणि मला स्वतःचाच थोडा राग आला. कारण हा युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण अर्धा आहे. तुला मी शिलालेखांचं सर्टिफिकेट काढून दिलं. मग शिरोली एमआयडीसीत बिहारहून आलेल्या कामगाराच्या पोरीनं काय दाखवायचं? गांधीनगरातल्या सिंधी मुलानं? इचलकरंजीत तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातल्या पोरानं, किंवा सोसायटीच्या गेटवरच्या नेपाळी कुटुंबातल्या मुलानं? त्यांच्यासाठी मला कुठला शिलालेख सापडणार नाही. पण त्यांनाही आज्जी असते, आणि तीही कधीतरी दारात येऊन आपल्या भाषेत हाक मारते. तेव्हा वरचा इतिहास तू जरूर वाच, मैत्रिणींना सांगून भाव खा, पण त्याच्या टेकूवर उभी राहू नकोस. कोल्हापूरचा आणि कन्नडचा काडीचाही संबंध नसता तरी दारात आलेली ती तुझी आज्जीच होती.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी जास्त वेळ थांबले. पप्पांच्या. तू ते सहज लिहून पुढं गेलीस. पण बघ, तुझी नक्कल व्हायच्या आधी, कुणी हसायच्या आधी, हॉस्टेलच्या दारातच तुला लपायला सांगितलं गेलं होतं. मी पप्पांना दोष देत नाही. हद्दीवरच्या माणसाला भाषा सांभाळून वापरायची सवय लागते. १९५६ साली राज्यं भाषेवर वाटली गेली, पण गावं काही भाषेवर वसलेली नव्हती. २००४ पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचा खटला सुप्रीम कोर्टात आहे. अधूनमधून प्रश्न पेटतो, एसटी निपाणीच्या अलीकडं थांबतात, गाड्यांना काळं फासलं जातं, आणि त्या आठवड्यात इकडं ‘कानडी’ आणि तिकडं ‘मराठी’ हे शब्द शिवीसारखे फेकले जातात. बेळगावात तुझ्याच वयाची एखादी मराठी पोर नेमकी उलट्या बाजूनं हेच सोसत असेल, आणि तिचे पप्पाही तिला हेच सांगत असतील. मोठ्यांचं भांडण जमिनीचं आहे. ते कोर्टात सुटेल तेव्हा सुटेल. तोवर पोरींनी आपापल्या आज्ज्यांशी कुजबुजत बोलावं, असं कुठल्याच निकालात येणार नाही.

पप्पांना एकदा निवांत विचार, ‘पप्पा, तुम्हाला कोण हसलं होतं?’ मला वाटतं त्यांच्याकडं एक गोष्ट आहे. कदाचित त्यांचाही एखादा ‘माझा वही’ असेल.

आता ग्रुपवर लिहायचं म्हणतेस ते. नको. का ते सांगते. कबुली गुन्ह्याची देतात, आणि घरी कन्नड बोलणं हा गुन्हा नाही. रात्री अकराला तू लांबलचक मेसेज टाकशील, मग निळ्या टिका मोजत दोनपर्यंत जागशील. कुणी हार्ट टाकेल, कुणी काहीच टाकणार नाही, आणि जिनं टाकलं नाही तिच्यावरून तू पुन्हा आठवडाभर ‘सगळ्या’ म्हणत बसशील. शिवाय एवढा समारंभ केला की माणसांना वाटतं, खरंच काहीतरी मोठं लपवलं होतं वाटतं.

याच्या उलट, गोष्ट तिच्या मापाची ठेव. पुढच्या वेळी घरचा फोन आला की गच्चीवर जाऊ नकोस. खोलीत, कॉटवर बसून, नेहमीच्या आवाजात बोल. कोण होतं विचारलं तर सांग, ‘आज्जी. आम्ही घरी कन्नड बोलतो.’ एवढंच. पुढं ‘पण’ लावायचा नाही. ‘पण मला मराठी चांगलं येतं हं’, ‘पण आम्ही महाराष्ट्रातलेच’ असलं काही नाही. ‘पण’ आला की आपण माफी मागायला लागलो समज. मग बहुतेक दोनच गोष्टी होतील. कुणीतरी म्हणेल, ‘अय्या, मला एक वाक्य शिकव.’ नाहीतर कुणीतरी म्हणेल, ‘कन्नडमधली एखादी शिवी शिकव ना.’ ही दुसरी मागणी अगदी हमखास येते, माझ्या वर्गात दरवर्षी यायची. एखादी साधी शिकव आणि मोकळी हो.

तू आधी ज्या थापा मारल्यास, त्या शेजारच्या कानडी काकूंचं वगैरे, त्यांचा हिशेब प्रत्येकीला द्यायची गरज नाही. एकीला दे. कुणाला, तेही तुझ्याच पत्रात आहे. ‘त्या बाईंना विचार ना, चटणी कशी करतात’ असं म्हणाली ती. तिनं नकळत तुझ्यासाठी दार उघडं ठेवलंय. तिला एकटीला गाठ आणि सांग, ‘ती बाई म्हणजे माझी आज्जी. मी त्या दिवशी खोटं बोलले, लाज वाटली म्हणून.’ अवघड आहे. पोटात गोळा येईल. पण एका माणसासमोर आलेला गोळा वीस जणींच्या ग्रुपपेक्षा लवकर विरघळतो. तिनं दुसरीला सांगितलंच, तर तुझं एक काम वाचलं.

हॉस्टेल बदलण्याबद्दल: आता नको. नव्या हॉस्टेलातही तू तीच टाकी शोधशील. मात्र एक गोष्ट वेगळी काढते. टोपणनावानं चिडवणं आणि मुद्दाम घालून पाडून बोलणं यांत फरक आहे. ‘माझा वही’वर तूही एकदा हसून बघितलंस तर ते नाव कदाचित पंधरा दिवसांत मरेल. नावांचं तसंच असतं, चिडलं की जगतात. पण कुणी तुझ्या भाषेवरून, जातीवरून, घरावरून घाण बोलत असेल, वस्तू लपवत असेल, व्हिडिओ काढून फिरवत असेल, तर ते हसण्यावारी न्यायचं नाही. तारीख घालून लिहून ठेव, रेक्टर मॅडमना सांग, घरी सांग. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, आणि तक्रार आली की संस्थेला ती दाबून ठेवता येत नाही. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असेल, म्हणून लिहिलं. आणि तू, किंवा दुसरं कुणी, झोप उडाली, जेवण तुटलं, सारखं रडू येतं अशा ठिकाणी पोचलं असेल तर १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी असलेल्या सरकारी मदतीचा फोन आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. त्यासाठी आजार मोठा व्हायची वाट बघायची नसते.

आई-वडिलांसाठी दोन ओळी. पोरगं शहरात गेलं आणि तुमच्या बोलण्याला, लुगड्याला, डब्यातल्या भाकरीला लाजायला लागलं, की ‘आमची लाज वाटते काय रे?’ हा प्रश्न तोंडावर येतो. विचारू नका. त्याला वाटतेच आहे, आणि वाटते याची लाज त्याहून जास्त वाटते आहे. त्यापेक्षा तुम्ही त्या वयात काय लपवलं होतं ते सांगा. कोल्हापुरातल्या घरांनाही सांगते. तुमच्या पोरीची मैत्रीण फोनवर वेगळ्या भाषेत बोलली तर ‘कुठली गं ही?’ असं मागून कुजबुजू नका. तिलाच विचारा, ‘काय म्हणाली आई? जेवलीस का विचारत होती?’ बहुतेक तेच विचारत असते. तुमच्याकडं ‘ऊट आतेनु?’, आमच्याकडं ‘जेवलीस काय?’ दोन्हीकडच्या बायकांना पहिला प्रश्न दुसरा सुचत नाही.

राहिली आज्जी. तुझा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागं ठेवला.

कळलं. मला शंका नाही. जन्म हद्दीवर काढलेल्या, संकेश्वरच्या आणि गडहिंग्लजच्या दोन्ही बाजारांत घासाघीस केलेल्या बाईला मराठी बोलता येत नसेल, पण ‘ओळखीची बाई’ एवढं समजतंच. आणि तिला कळलं याचा पुरावा तूच लिहून पाठवलायस. तिनं कन्नडमध्ये हाक मारली होती. तू ते वाक्य बोललीस आणि त्यानंतर ती मराठीत बोलली, येत नसताना. कानशिलावर बोटं मोडली नाहीत. ओळखीची बाई बोटं मोडत नाही ना. तू मैत्रिणींना जी बाई सांगितलीस, ती तिनं तिथल्या तिथं होऊन दाखवली. तुझी थाप तिनं तुझ्यासाठी निभावून नेली, पिशवी हातात दिली आणि डोळ्यांत औषध घातलेल्या अवस्थेत जिना उतरली.

हे वाचून तुला जास्त वाईट वाटेल, मला माहीत आहे. वाटू दे. पण वाईट वाटून खोलीत बसू नकोस. तू विचारलं नाहीस तरी सांगते, या शनिवारी घरी जा. तिच्यासमोर भाषण करू नकोस, सॉरी तर म्हणूच नकोस, त्या शब्दानं आज्ज्यांचं काही होत नाही. चुलीपाशी जाऊन बस आणि तुमच्या भाषेत सांग. आमच्या शेजारच्या अक्कांकडून मला एक शब्द येतो, ‘तप्पातु’. चुकलं. तेवढा पुरेल. ती बहुधा ‘कशाचं काय’ म्हणून उडवून लावेल आणि ताट वाढेल. उडवून लावलं तरी तू म्हणालीस हे तिच्यापाशी राहील.

जाताना निपाणीवरून जाणारी गाडी मिळाली तर खिडकीशी बस. कोल्हापुरातून निघालेली ती एसटी कागल सोडलं की कर्नाटकात शिरते, निपाणी-संकेश्वर करत पुन्हा महाराष्ट्रात येते आणि गडहिंग्लजला लागते. मधल्या त्या पट्ट्यात गाडीतलं कुणी भाषा बदलत नाही. जो जे बोलत बसलेला असतो तेच बोलत राहतो.

आणि जायला जमलंच नाही, सबमिशन आलं, टेस्ट आली, तर आज रात्री फोन कर. खोलीतून. चटणीसाठी दाणे किती भाजायचे ते विचार, आणि ती सांगेल तसं, शेजारी बसलेल्या त्या मुलीला मराठीत सांगत जा.